बासष्टावी कांडी

सोमवारी सकाळी तपासणी केंद्रात खोका आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तसा नियमच होता. माल कुणाचा हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून आवक खिडकीवरचा कारकून पाठवणाऱ्याचा कागद आपल्या कुलपात ठेवी आणि आत फक्त आकडे पाठवी. खोक्यात काळ्या स्पंजात बसवलेला, प्रकाशाचा जोर वाढवणारा एक अॅम्प्लिफायर होता, आणि त्यात जो काचेचा धागा वापरला होता त्याचं एक वेगळं रीळ. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: बिस्मथ घातलेलं ऑप्टिकल फायबर, लांबी ऐंशी मीटर, टेलिफोनच्या जाळ्यासाठी, शंभर तासांची चाचणी.

खोका जिच्या टेबलावर आला तिला केंद्रात सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. एकदा तिने केंद्राच्या काट्यावर स्वतःचं वजन केलं आणि काटा चारशे ग्रॅम कमी दाखवतो म्हणून लेखी तक्रार केली. लोक म्हणाले, अहो, कमी दाखवतोय तर निदान गप्प तरी बसायचं. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात उरलं नव्हतं. एकदाच बसली होती, त्याची फळं ती अकरा वर्षं खात होती.

रिळातला थोडा धागा तिने यंत्राला जोडला. एका टोकातून पांढरा प्रकाश सोडायचा आणि वाटेत काचेने त्यातला कुठला किती गिळला हे पडद्यावर पाहायचं, एवढंच काम. रेघ उमटायला लागली. पहिला उंचवटा आला, मग दुसरा. दुसऱ्याच्या उजव्या उतारावर एक लहानसा खांदा आला.

मोजणीबाई खुर्चीत मागे टेकली. माणूस पाठमोरा असला तरी चालीवरून ओळखू येतो, तशी तिने ती रेघ ओळखली. तो खांदा तिचा होता. दुसऱ्या कुणाच्या काचेत तो येत नव्हता, कारण तो ज्या युक्तीने येतो ती तिने शोधली होती. आणि ती युक्ती जगात फक्त दाजींच्या नावावर होती.

दाजी म्हणजे तिच्या ताईचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी ती आणि दाजी एकाच संशोधन संस्थेत होते. ते वरच्या हुद्द्यावर, ती तळाला. तिला तिथे मीच आणलं, असं ते येईल त्याला सांगत, आणि ते खरंही होतं.

बिस्मथ मोठा लहरी धातू. काचेत चिमूटभर जास्त पडला तर काच राखाडी होते आणि प्रकाश खाऊन टाकते. ज्योत जरा वाढली तर वाफ होऊन निघून जातो. आणि नीट बसला तर तो नेमका कुठल्या रूपात बसतो म्हणून उजळतो, यावर जगभरचे शहाणे अजून भांडताहेत. पण जमलाच तर मोल मोठं. तारेतून दूरवर जाणारा प्रकाश वाटेत थकतो, त्याला पुन्हा जोर देणारे नेहमीचे अॅम्प्लिफायर प्रकाशाच्या एका ठरावीक पट्ट्यातच चालतात. बिस्मथ त्या पट्ट्याबाहेरही चालतो. म्हणजे जमिनीत गाडलेल्या त्याच तारांतून, रस्ता न खोदता, दुप्पट बोलणं जाऊ शकतं.

काचेची पोकळ नळी फिरवत ठेवायची, बाहेरून ज्योत द्यायची, आतल्या अंगाला थरावर थर चढवायचे, शेवटी नळी तापवून आवळायची की तिची भरीव कांडी होते. ती कांडी उंच मनोऱ्यावरच्या भट्टीत टांगून खाली केसासारखा धागा ओढायचा. तिने साठ कांड्या केल्या त्या साठही वाया गेल्या. एकसष्टावीला तडा गेला. बासष्टाव्या वेळी, नळी आवळताना, तिने ऑक्सिजन जवळजवळ बंद केला. का, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. स्वयंपाकात हात आपोआप कमी मीठ घेतो तसा तो हात गेला. त्या कांडीच्या धाग्यात शिरलेला प्रकाश पलीकडून तीनशेपट होऊन बाहेर आला. तिने सगळं हिरव्या वहीत उतरवलं. शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली, ‘दोन दिवसांत जरा मंदावल्यासारखा वाटतो. पाहणे.’

पाहणं राहिलं. त्याच दुपारी आईला अर्धांगवायूचा झटका आल्याचा फोन आला. ती आठ महिने रजेवर होती. परत आली तेव्हा बासष्टाव्या कांडीवरचा शोधनिबंध छापून आला होता, पेटंटचा अर्ज गेला होता, आणि दोन्हीवर दाजींचं नाव होतं. तिचं नाव शेवटी, आभारात, बारीक अक्षरांत. हिरवी वही तिला संस्थेतल्या तिच्या टेबलाच्या खणात सापडली. खणाला कुलूप नव्हतं. आपणच मूर्ख, वही उघड्या खणात टाकून गेलो, असं तिने स्वतःला त्या दिवशी सुनावलं आणि पुढे रोज सुनावत राहिली.

ती दाजींच्या घरी गेली होती. ताई भाजी निवडत होती. दाजी हसून म्हणाले, “अगं, घरातल्या घरात काय माझं-तुझं?”

ताईने मान वर न करता त्यात भर घातली, “त्यांच्या नावावर झालं म्हणजे आपल्यातच राहिलं की. तू तरी एवढं मनाला का लावून घेतेस?”

ती गप्प बसली. घरी पडलेल्या आईला दोन्ही मुली हव्या होत्या. तिने संस्था सोडली आणि तपासणी केंद्रात नोकरी धरली. दाजींनी पुढे कंपनी काढली. ताई दर रविवारी आईकडे येई, दोन तास बसे, हवापाण्याचं बोलून जाई. धाकटी बहीण दिवसभर काय मोजते, हे तिने कधी विचारलं नाही.

आता दाजी रिळावर गुंडाळून तिच्या टेबलावर आले होते.

केंद्राची नियमावली भिंतीला टांगलेली होती. कलम तीन सांगत होतं की माल नातलगाचा असल्यास परीक्षकाने लेखी कळवून बाजूला व्हावं. कलम नऊ सांगत होतं की वाजवी शंका असल्यास परीक्षक चाचणी हजार तासांपर्यंत वाढवू शकतो. मोजणीबाईने कलम तीन दोनदा वाचलं. खोक्यावर नाव नाही, मला कुणी काही सांगितलेलं नाही, असं ती मनाशी म्हणाली. ही पळवाट आहे हे तिला म्हणतानाच कळत होतं. मग तिने कलम नऊचा फॉर्म भरला.

केंद्राचे प्रमुख खुर्चीत बसून दिवसभर शिक्के मारत, म्हणून त्यांना शिक्केसाहेब म्हणत. त्यांनी फॉर्म चष्म्याजवळ नेला.

“शंका कसली?”

“धागा फार लांब आहे, साहेब. पुढचा भाग दमला तर मागचा ओझं उचलतो. शंभर तासांत वरून काही कळणार नाही.”

“काच दमते?”

“उन्हातल्या पडद्याचा रंग उडतो ना, तसं. बिस्मथला उजळवायला जो जोराचा प्रकाश द्यावा लागतो, त्यानेच काही वेळा तो विझत जातो.”

“तुम्हाला असं का वाटतं?”

“अशी काच मी पूर्वी पाहिली आहे,” ती म्हणाली. यात एक शब्दही खोटा नव्हता.

साहेबांनी शिक्का मारला.

चाचणी सुरू झाली. अॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात बिस्मथ उजळवणाऱ्या लेसरचा जास्तीत जास्त जेवढा जोर लिहिला होता तेवढाच तिने लावला, काडीनेही जास्त नाही. सूड घ्यायचा तर तो नियमाच्या काठाला धरूनच घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. उद्या कुणी बोट ठेवायला आलं तर त्याला आकड्यात जागा मिळता कामा नये. सुरुवातीला प्रकाश पंचवीस डेसिबलने, म्हणजे तीनशेपट, वाढत होता. हजार तासांत एक डेसिबल घसरला तरी चालणार होतं. त्याहून जास्त घसरला तर नापास.

शंभर तास झाले, पंचवीस. दोनशे झाले, पंचवीस. तिसरा आठवडा लागला तरी रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ. रोज सकाळी ती पर्स ठेवायच्या आधी पडद्यापाशी जाई आणि तिच्या तोंडाला कडू चव येई. दाजींचा हसरा चेहरा तिला त्या सरळ रेघेत दिसे. बसलेल्या जागी ती धाग्याला मनातल्या मनात शिव्या घाली, पड मेल्या, पड एकदाचा. आणि त्याच वेळी छातीत काहीतरी फुगून येई. आपलं पोर पळवून नेलेल्यांच्या घरी वाढावं आणि तिथेही पहिलं यावं, तसं काहीसं. त्या पोराचा पाय मोडावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलोय, हे तिच्या ध्यानात आलं. तरी ती बसली.

चारशे बारा तासांना रेघ वाकली. चोवीस पूर्णांक सहा. तिला वाटलं यंत्र चुकलं. तिने जोडण्या पुसल्या, दुसरा मापक लावला. चोवीस पूर्णांक सहाच. धाग्याचा मागचा भागही आता दमायला लागला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर आईला भरवताना ती गुणगुणत होती. झटक्यानंतर आईला पाच-पंचवीस शब्दच उरले होते, आणि तेही ती जपून वापरी. तिने चमच्याकडे न बघता लेकीकडे बघितलं.

“काय?” आईने विचारलं.

“काही नाही गं. ऑफिसात एक काम मनासारखं होतंय.”

आईने पुढचा चमचा ओठ मिटून अडवला. मग म्हणाली, “कुणाचं?”

तिने आईच्या हनुवटीवरचं पुसलं आणि पुढचा घास दिला.

पाचव्या आठवड्यात रेघ एकवीसला आली होती. म्हणजे निकाल लागल्यात जमा होता, आता फक्त मुदत पुरी व्हायची होती. त्या रविवारी दुपारी ताई आली ती नेहमीसारखी हवापाण्याचं बोलली नाही. पर्स मांडीवर घेऊन आईच्या पायाशी बसली. डोळे सुजलेले होते.

“बरं नाही का तुला?” धाकटीने विचारलं.

“मला काय धाड भरलीय. त्यांचं बघवत नाही. जेवण नाही, झोप नाही. फोन कंपनीने माल परस्पर कुठल्याशा तपासणीला पाठवलाय. कुठे, तेही सांगत नाहीत. शंभर तासांत व्हायचं काम, पाच आठवडे झाले. तिथे कुणीतरी मुद्दाम अडवून बसलंय.”

“असेल.”

“असेल काय, आहेच. माणसाचं चांगलं झालेलं बघवत नाही लोकांना. जो कोण तिथे बसला असेल ना, त्याचं कधी भलं व्हायचं नाही, सांगते तुला.”

धाकटीने चहा गाळला. बहिणीचे शाप बहिणीच्याच घरात, बहिणीच्याच हातचा चहा पीत, आणि देणारीला पत्ता नाही. याहून गोड काही तिने अकरा वर्षांत चाखलं नव्हतं. साखर जास्त टाकून तिने कप पुढे केला.

“दाजींना भीती कसली वाटतेय? माल चांगला असेल तर होईल पास.”

“चांगलाच आहे. एवढी वर्षं त्याच एका गोष्टीवर तर उभे आहेत ते.” ताईने कप धरला, पण प्यायली नाही. कुणाजवळ तरी बोलायचंच म्हणून आलेलं माणूस जसं वाहवतं तशी ती वाहवत गेली. “तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मूळ तुझंच होतं, मला कळत नाही का. पण तेव्हा तू परत जाशील असं कुणाला वाटलं होतं? आईचं सगळं करणारं कुणीतरी लागणारच होतं, आणि तू मोकळी होतीस. मी म्हटलं, ही वही इथे कपाटात धूळ खात पडणार. त्यापेक्षा त्यांच्या तरी उपयोगी पडेल.”

“इथे कपाटात?”

“तुझ्या कपड्यांखाली होती की. तू आईला व्यायामाला घेऊन गेली होतीस तेव्हा मी नेली. त्यांनी उतरवून घेतली आणि तुझ्या ऑफिसातल्या खणात ठेवून दिली. मी तर म्हणत होते, तुला सांगून घ्या.”

धाकटी उभी होती ती पलंगाच्या कडेवर बसली. अकरा वर्षं तिने त्या उघड्या खणाबद्दल स्वतःला दोष दिला होता. वही तिने खणात ठेवलीच नव्हती. झटक्याचा फोन आल्यावर ती पिशवीत कोंबून घरी आणली होती. त्या धावपळीतलं तिला काही आठवत नव्हतं, एवढंच.

“तू नेलीस,” ती म्हणाली.

“मी माझ्या संसाराचं बघितलं,” ताई म्हणाली. आता तिच्या आवाजात रडं नव्हतं. “तुला संसार नाही. तुला नाही कळायचं.”

पलंगावर आईने डोळे मिटून घेतले. ती झोपलेली नव्हती.

ताई गेल्यावर धाकटीने कप विसळले, आईची कूस बदलली, औषध दिलं. त्या दुपारपर्यंत तिच्या मनात अधूनमधून एक बारीकसा विचार येत होता. अहवालात घसरणीच्या आकड्यांबरोबर उपायाची एक ओळ टाकावी. कारण उपाय तिला ठाऊक होता. त्या काचेतलं जर्मेनियम जवळजवळ काढून फॉस्फरस वाढवला तर बिस्मथ टिकेल, हे तिच्या डोक्यात अकरा वर्षांपूर्वीच होतं; त्रेसष्टावी कांडी तशीच करायची होती. वहीत ते लिहायचं राहिलं, म्हणून दाजींकडे गेलं नाही. परीक्षकाने उपाय सुचवू नये असं कुठल्याच कलमात नव्हतं. ताई आली नसती तर ती ओळ तिने लिहिली असती कदाचित. आता ती लिहिली जाणार नव्हती.

हजार तास पुरे झाले. एकोणीस पूर्णांक आठ. तिने अहवाल लिहिला, साडेचार पानांचा, त्यात एकही विशेषण नाही, आणि शेवटी सही केली.

नापास झालेल्याला समोर येऊन बाजू मांडायचा हक्क होता. आठ दिवसांनी केंद्राच्या लांब टेबलाशी बैठक बसली. एका बाजूला शिक्केसाहेब, त्यांच्याशेजारी इतिवृत्त लिहिणारा कारकून. दुसऱ्या बाजूला फोन कंपनीच्या इंजिनिअरबाई, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. दाजी उंची कोट घालून आले, सगळ्यांशी हात मिळवत टेबलाच्या टोकापर्यंत आले आणि तिथे बसलेल्या परीक्षकाकडे बघून थांबले.

“तू?”

“बसा, दाजी,” ती म्हणाली.

साहेबांनी मान वळवली. “तुम्ही ओळखता एकमेकांना?”

“ही माझी मेहुणी आहे,” दाजी म्हणाले. ते बसले नाहीत. “साहेब, हे बघा, इथेच सगळं आलं. हिच्या मनात माझ्याबद्दल वर्षानुवर्षं विष आहे. ही चाचणी नाही, हा सूड आहे.”

साहेबांनी अहवाल मिटला. “खरं का हे?”

“नातं खरं आहे. मी कळवायला हवं होतं, कळवलं नाही, ती चूक माझी. त्याची शिक्षा द्या, मी घेईन. आकडे खोटे वाटत असतील तर हेच रीळ दुसऱ्या कुठल्याही केंद्रात पाठवा.”

इंजिनिअरबाईंनी अहवालातली आलेखाची पानं पुढे सरकवली. “नात्याचं नंतर बघू. काच का दमते, एवढं मला सांगा. हा माल आम्ही जमिनीत गाडणार होतो. दीड महिन्यात तो असा होणार असेल तर तुम्हाला माहीत कसं नव्हतं?”

दाजींनी पानं चाळली. आकड्यांना हात लावायला जागा नाही हे त्यांना पहिल्या पानावरच कळलं होतं. आकडे कळत होते त्यांना. माणूस कोंडीत सापडला की जवळचं दार लाथेने उघडतो, मग ते कुठे उघडतं हे बघत नाही.

“हिला माहीत होतं,” ते म्हणाले. “विचारा हिलाच. काच मंदावते हे हिनेच लिहून ठेवलंय. शेवटच्या पानावर, स्वतःच्या हाताने. दोष मुळात हिच्या कृतीतला आहे. आम्ही त्या कृतीवर विश्वास ठेवला आणि फसलो.”

खोलीत फक्त कारकुनाच्या पेनाचा आवाज येत होता. मोजणीबाईने तो थांबू दिला.

“कुठल्या शेवटच्या पानावर, दाजी?”

दाजींनी कोटाचं बटण सोडलं.

“माझ्या हिरव्या वहीच्या. ती वही तुम्ही वाचलीत, हे आज पहिल्यांदा चारचौघांत आलं. बरोबर बोलताय तुम्ही. कृती माझी आहे. बासष्टावी कांडी मी केली, तिच्यात दोष होता, आणि त्या दोषाची शंकाही मलाच आली होती. तुम्ही कृती उतरवून घेतलीत आणि शंका तिथेच सोडलीत.” ती कारकुनाकडे वळली. “शेवटचं यांचं वाक्य पुन्हा वाचून दाखवता का?”

कारकुनाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली.

“‘दोष मुळात हिच्या कृतीतला आहे. आम्ही त्या कृतीवर विश्वास ठेवला आणि फसलो.’”

“दाजी, हे खोटं असेल तर आत्ता खोडा,” ती म्हणाली. “म्हणजे कृती तुमची ठरेल आणि दोषही तुमचा ठरेल. खरं असेल तर खाली सही करा. दोन्हींपैकी काहीही मला चालेल.”

त्यांनी टेबलाला धरलं. इंजिनिअरबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या की जणू त्या एक आणखी आलेख वाचत आहेत. दाजी खुर्ची ओढून बसले. पाणी मागितलं. मग पेन घेतलं आणि सही केली. कंपनी वाचवायची तर दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याशिवाय त्यांच्यापुढे वाट नव्हती, आणि गळ्याबरोबर नावही द्यावं लागत होतं.

मोजणीबाईला वाटलं होतं, त्या क्षणी हात थरथरतील, निदान डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. भूक लागल्यावर पोटभर जेवल्यावर जसं शांत वाटतं, तसं शांत वाटलं. ती अहवालाची पानं नीट लावत बसली.

रीळ दुसऱ्या केंद्रात गेलं. तिथेही हजार तासांची चाचणी झाली आणि आकडा आला एकोणीस पूर्णांक सात. फोन कंपनीने करार मोडला. सही केलेल्या इतिवृत्ताची प्रत संशोधन संस्थेत गेली, तिथे चौकशी बसली, आणि चौकशा चालतात त्या चालीने सात महिने चालली. शेवटी शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं लागलं. पेटंटचं प्रकरण अजून वकिलांकडे आहे. दाजींना त्यांच्याच कंपनीच्या मंडळाने प्रमुखाच्या खुर्चीवरून उठवलं.

तीही सुटली नाही. शिक्केसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

“कलम तीन तुम्हाला तोंडपाठ होतं.”

“होतं, साहेब.”

“मग?”

“मला ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं.”

साहेबांनी शिक्का हातात उलटसुलट केला. “तुमच्यासारखं मोजणारं दुसरं कुणी नाही माझ्याकडे,” ते म्हणाले, आणि तिला वर्षभरासाठी प्रकाशाच्या विभागातून काढून दुकानदारांचे तराजू तपासायला खालच्या मजल्यावर पाठवलं. ती गेली. शिक्षा रास्त आहे असं तिचंही मत होतं. शनिवारी तिला सुटी असे, आणि इंजिनिअरबाईंनी शब्द टाकल्यामुळे जुन्या संस्थेने शनिवारपुरती तिला भट्टी वापरायला दिली. अकरा वर्षांनी हातमोजे घालून ती फिरत्या नळीपुढे उभी राहिली तेव्हा पहिल्या दोन कांड्या बिघडल्या. तिसरी जमली.

एका शनिवारी तिथेच दाजींचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“ऐकलं मी. तुझी नवी काच टिकतेय म्हणे.”

“दोन हजार तास झाले.”

“काय बदललंस?”

तिने हातमोजा काढून टेबलावर ठेवला.

“हे बघ,” दाजी म्हणाले, “झालं गेलं. कंपनीत साठ माणसं आहेत. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी सांग. मी हात जोडतो.”

“लिहून झालंय माझं,” ती म्हणाली. “छापून आल्यावर वाचा, दाजी. सगळ्यांबरोबर.”

तिने फोन ठेवला आणि ज्योत पुन्हा पेटवली. साठ माणसांचं तिला वाईट वाटलं. दाजींचं नाही वाटलं.

त्या बैठकीनंतर ताई तीन महिने आली नाही. आई दर रविवारी दाराकडे बघे. तिच्या उरलेल्या शब्दांत ‘थोरली’ हा एक होता, आणि तो ती दुपारी तीनच्या सुमाराला वापरी. सुडाचा तेवढाच एक घास धाकटीच्या घशात अडकला; आईने त्यात काही केलं नव्हतं आणि किंमत भरत होती ती.

मग एका रविवारी ताई आली. पूर्वीसारखी नटून नाही. आईजवळ बसली, तिचा निर्जीव हात हातात घेतला. आई रडली आणि हसली, दोन्ही अर्ध्या तोंडाने. मग ताई म्हणाली, “माझ्या समोर बसून माझे शाप ऐकत होतीस तू.”

“हो.”

“झालं तुझं समाधान?”

धाकटीने विचार केला. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. “झालं,” ती म्हणाली.

“मला माफ करशील असं मी म्हणणार नाही.”

“नको म्हणूस.”

ताईने मान हलवली. तिला बहुधा हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं, तरी ती पर्स उचलून गेली नाही. आईची चादर ओली झाली होती. धाकटीने कपाटातून कोरडी काढली आणि तिचं एक टोक ताईच्या बाजूला टाकलं.

“आईला तुझ्याकडे वळव आणि धरून ठेव,” ती म्हणाली. “पाठीवर लाल झालंय तिथे बोट लावू नकोस.”

ताईने आईला दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरलं, आणि धाकटीने खालची चादर काढायला घेतली.